गादीखाली खोचायची कड

हलमध्ये डास नाहीत.
नोव्हेंबरात तर माशीसुद्धा नाही,
हंबर नदीवरचा वारा आणि
क्लिनिकच्या काचेवर धरलेली ओल, एवढंच.

तरी मारिआतू समोर बसलीय. विसावा आठवडा.
कोटाची बटणं पोटावर लागत नाहीत.
आई गेली तिची, फ्रीटाऊनपासून बरंच आत, एका गावात.
चाळिसाव्याला पोचायचंय.

जाऊ नका, मी म्हणते. म्हणावं लागतं, छापील आहे.
ती माझ्याकडे बघते,
आई जिवंत असलेल्या बाईकडे बघावं तसं.

मग गोळ्यांचं सांगते,
आणि कपाटातून मच्छरदाणी काढून
तपासणीच्या टेबलावर अंथरते.
चारी कडा गादीखाली खोचा, हातभर आत.
अंग जाळीला टेकू देऊ नका, डास बाहेरून चावतो.
दिवेलागणीला आत जा, घरात माणसं बसलेली असली तरी.
पोटुशीचा श्वास डासाला लांबून कळतो.

‘वास येतोय,’ ती म्हणते.
औषधाचा. येऊ दे.

हा वास मला ठाऊक आहे.
एटापल्लीकडे सरकारी मच्छरदाण्या वाटल्या, निळ्या,
त्या पावसाळ्यात वनमाला आत्याची जाळी
तिच्या सासऱ्यानं नाल्यात लावली.
मासे बरे सापडले.
मीही खाल्ले. काटे तिनंच काढून दिले.
सातव्या महिन्यात तिला हुडहुडी भरली,
एकावर एक चार गोधड्या घातल्या.
गोधड्यांना कमी नव्हती त्या घरात.
बाळाचं नाव
तिनं कुणाला सांगितलंच नाही.

मारिआतूला हे सांगत नाही.
दहा मिनिटांची अपॉइंटमेंट, सतरा झालीत.
माझ्या ड्रॉवरमधला सुईदोरा तिला देते,
भोक पडलं की त्याच दिवशी शिवा.

‘आणि बहिणीची पोरं उघड्यावर झोपली असतील तर?’

छापील कागदात हे नाही.
‘त्यांना आत घ्या,’ मी म्हणते.
‘पण तुम्ही बाहेर पडू नका.’

ती घडी घालते, माझ्यापेक्षा नीट,
आणि पिशवी पोटाशी धरून जाते.
चार वाजलेत. काळोख.

रात्री, बंद खिडकीच्या खोलीत,
मी पांघरुणाची कड गादीखाली खोचते,
हातभर आत, सगळीकडून.
नवरा विचारतो, थंडी वाजतेय का?