मगदूमांचा हौद

मुनीर शिकलगार काठावर उकिडवा बसून
बांबू पाण्यात खुपसतो.
बांबू वर येतो तेव्हा चार फूट हिरवा,
टोकाकडचा हातभर काळा.
"वैनी, खाली गाळ हाय. पुराचाच असणार."

पुराचाच.
त्या साली पंचगंगा रमणमळा ओलांडून
आमच्या फाटकातून आत आली,
घराच्या तीन पायऱ्या चढली,
चौथीवर काय वाटलं कोण जाणे, थांबली,
आणि परत जाताना हौद काठोकाठ भरून गेली.
फुकट.
त्याआधी टँकर बाराशेला पडायचा
आणि नऊ टँकर लागायचे.

स्विमिंग पूल फक्त पाहुणे म्हणायचे.
गल्लीला तो मगदूमांचा हौदच.
शिरोलीच्या फौंड्रीला ट्रॅक्टरच्या हाउसिंगची ऑर्डर लागली
त्या दिवाळीत ह्यांनी खणायला घेतला.
स्वतःला पोहता येत नव्हतं. अजून येत नाही.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय सोडून बसायचे,
मांडीवर भडंगाची पुडी,
आणि सन्मतीवर ओरडायचे, "खोलात जाऊ नकोस!"
ती राज्य पातळीवर पोहून आली
त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

आता फौंड्री दुसऱ्याची, सन्मती पिंपरीत,
आणि महापालिकेची नोटीस फ्रिजवर, लोहचुंबकाखाली:
डासांच्या अळ्या आढळल्या.

मुनीर वहीच्या मागच्या पानावर लिहितो.
उपसा, दोन दिवस, अठरा हजार.
गाळाची ट्रॉली, सहा.
अ‍ॅसिड वॉश, बावीस.
टाइल्स. ("ही निळी आता येत न्हाई. पांढरी चालंल?")
मोटर रिवाइंडिंगच्या पलीकडं गेलीय, नवीच घ्या.
फिल्टरची वाळू सगळी बदलायची.
क्लोरिन पहिल्या महिन्याला जास्त, मग कमी,
पण रोज, वैनी. एक दिवस चुकलात की परत हिरवं.
खाली दोन रेघा ओढून: दोन लाख अडुसष्ट.

"ह्यात जुनी आल्टो येईल की रे."
"येईल की. पण आल्टोत पोहता येत न्हाई."

"आणि मातीनं बुजवला तर?"
तो खिडकीकडं बघतो, आवाज उतरवतो.
"नव्वद. वर लॉन लावून देतो.
पण साहेबांस्नी विचारा आधी."

मी वाकून बघते.
शेवाळाच्या फाटक्या गोधडीखाली
बारीक बारीक काळी वळवळ.
काहींना मागचे पाय फुटलेत, शेपटी अजून गेली नाही.
सासूबाई विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या
आणि फडकं उलटं करून
त्याच विहिरीत धुवायच्या,
घागर परत भरावी लागली तरी.
शेवाळ हाही जीवच, एका इंद्रियाचा, मला ठाऊक आहे.
तो हिशोब माझा मी ठेवीन.
पण ह्यांना डोळे आहेत.

"मुनीर, अ‍ॅसिडच्या आधी ही बाहेर काढायला किती घेशील?"
"काय, गाळ? लावलाय की."
"बेडकं."
तो कानावरचं पेन काढतो,
पाण्याकडं बघतो, मग माझ्याकडं.
"मोजून, का ठोक?"
"ठोक."
अडुसष्टच्या खाली, रेघांच्या बाहेर,
तो जागा करून लिहितो:
बेडूक, ठोक, आठशे.
कळंबा तलावापर्यंत पोच. भाडं वेगळं.

गुरुवारी सकाळी त्याची दोन पोरं
माझी रव्याची चाळण घेऊन हौदात उतरली.
कमरेपर्यंत हिरवी.
बादलीवर ओलं पोतं.
उरलेल्या कामाचा चेक मी अजून लिहिला नव्हता,
लिहीनच असंही नव्हतं.

हे बाहेर आले. खुर्ची नको म्हणाले.
पँट दुमडली, एक घडी, दोन घड्या,
आणि पाय सोडले त्या घाणीत.
मी म्हटलं, अहो.
"ए, डावीकडं! डावीकडं एक राहिलं,"
हे पोरांवर ओरडत होते,
"आणि खोलात जाऊ नका!"