भिंतीवरच्या रेघा

अमरावतीला बारा वर्षं
मी पलंगांच्या नंबरांत राहिले.
सात नंबरला ऑक्सिजन, अकरा नंबरची पिशवी भरली,
चौदा नंबर गेला, चादर बदला.
चुकलं तर ओरडायला डॉक्टर होते,
शंका आली तर मान वर करून बघायला मॉनिटर.
आठ तासांनी किल्ल्या दुसरीच्या हातात टाकून
स्टँडवर कच्चा चिवडा खायचे
आणि एकाचंही नाव आठवायचं नाही.

मग दवाखान्याने वरचा मजला बंद केला.
एजन्सीवाला फोनवर म्हणाला,
दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. एकच पेशंट आहे. सोपं आहे.

एकच पेशंट.
गुणवंतराव उमाळे, उजवं अंग गेलेलं, बोलणंही त्याच्यासोबत,
माकडहाडावर वाटीएवढी जखम.
खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला
आणि जखमेवर ठेवता येईल असा
त्यातला एक बोळा नाही.
सलाइन खुंटीला, टोपीच्या जागी.
पाणी खारट, म्हणून हात धुवायलाही
मी कॅनचं पाणी मागते
आणि सून कॅनकडे बघते, मग माझ्याकडे.

तिनेच पहिल्या दिवशी विचारलं,
"पूर्न नाव काय व तुमचं?"
बारा वर्षं छातीवर पट्टी लावून हिंडले,
कुणी वाचली नव्हती.
सुकेशनी तायडे, मी म्हणाले.
"तायडे आमच्यातबी असतेत,"
ती म्हणाली आणि थांबली.
मीही थांबले.
संध्याकाळी चहा आला, कप कोरा करकरीत,
बुडाला किमतीचा कागद अजून चिकटलेला.

दिवसा घर भरतं.
कोणी म्हणतं, एरंडाचं पान बांधा.
कोणी म्हणतं, अकोल्याचा एक बाबा आहे.
चुलतभाऊ नळी बघून विचारतो, हे काढलं तं जेवन नाही का?
वॉर्डात मी "बाहेर व्हा" म्हटलं की बाहेर व्हायचे सगळे.
इथे घर त्यांचं आहे.
बाहेर कोणी व्हायचं असेल तर मीच.

पाचव्या रात्री लघवीची नळी तुंबली.
लाइट गेलेली. नेटवर्क फक्त गच्चीवर,
आणि गच्चीवरून डॉक्टरांचा फोन बंद.
मी खाली आले. हात थरथरत होते,
नवीन लागलेल्या पोरीसारखे.
उकळलेलं पाणी निवायची वाट बघत
मी मोठ्याने स्वतःलाच ऑर्डर देऊ लागले,
आमच्या जुन्या मॅट्रनच्या आवाजात,
"घाई नको, तायडे. आधी हात."
भागाबाईंनी कंदील धरला होता.
म्हातारीचा हात हलला नाही.
नळी मोकळी झाली तेव्हा
गुणवंतरावांनी जो श्वास सोडला
तो कुठल्या पडद्यावर दिसला नसता.

पहाटे वहीत नोंदी भरायला बसले.
दर दोन तासांनी कूस. बाराची होती. चारची होती.
दोनची नव्हती.
वळवलं होतं का मी? आठवेना.
दवाखान्यात असते तर लिहून टाकलं असतं,
सगळ्याच लिहितात.

भागाबाई चुलीकडून उठल्या,
मला हाताला धरून पलंगामागे नेलं.
भिंतीवर कोळशाच्या रेघा,
एक डावीकडे कललेली, एक उजवीकडे,
पहिल्या दिवसापासूनच्या.
"लिहिता येत नाही मले," त्या म्हणाल्या,
"पन तू डुलक्या देत होती नं बाई,
दोनले म्याच वळवलं."

मी वहीत लिहिलं: २.००, डावी कूस.
सहीच्या जागी पेन अडलं.
त्यांचं नाव लिहावं की माझं,
हे एजन्सीने सांगितलेलं नाही.

सून चहा घेऊन आली. कप तोच.
बुडाचा कागद धुऊन धुऊन अर्धा निघालाय.