अडतीस नंबर

दुकानातल्या पोराने विचारलं, नातीसाठी का?
म्हटलं, नातीचे पाय नातीकडे आहेत,
हे माझे.
अडतीस नंबर. डाव्या अंगठ्याशी हाड वाढलंय,
तेवढी जागा धरून दाखव.

कान लाल झाले त्याचे.
ब्वाझेय, असं बिल्ल्यावर लिहिलं होतं.
मग मात्र नीट गुडघ्यावर बसला समोर,
माझ्यापुढे असं कुणी बसून चाळीस वर्षं झाली असतील.

पहिला जोड चौदा भोकांचा, पोटरीपर्यंत.
सातव्या भोकाशी बोटं थकली, मी हसले, तो हसला नाही.
दुसरा चकचकीत, आरशासारखा, त्यात माझीच हनुवटी.
तिसरा आठ भोकांचा, काळा, मऊ,
आणि आतल्या बाजूला चेन.
म्हणजे नाडी लोकांना दाखवायला,
चेन गुडघ्यांसाठी.
हेच द्या.

एकतीस वर्षं मी या शहरात ट्राम चालवली.
पायात कायम पातळ तळव्याचे बूट,
ब्रेक पावलाला कळायला हवा म्हणून.
रुळावरचं ओलं पानसुद्धा कळायचं मला.
आता काही कळायला नको.
आता दोन बोटं जाड रबर,
आणि खाली ग्दान्स्कचं सगळं बर्फ.

घरी आरशासमोर एकेक करून पाहिलं.
पँटवर: पाइप दुरुस्त करायला आलेला माणूस.
फुलाफुलांच्या फ्रॉकवर: बरं, पण मान कुठे लपवू?
अंत्यविधीच्या काळ्या चुण्यांच्या स्कर्टवर,
मोहरी रंगाचे मोजे दोन बोटं वर काढून:
हं.
किंगाला फोटो पाठवला, बेर्गेनला.
तिचं उत्तर, आई, कुठल्या मोर्चाला निघालीस?
मी लिहिलं, एक नोव्हेंबरला, कबरींवर दिवे लावायला.
त्यावर तिने काही लिहिलं नाही.

एक गोष्ट दुकानात आठवली नाही,
जिन्यात आठवली.
असल्याच बुटांचा आवाज या जिन्यावर आला होता,
डिसेंबर, एक्क्याऐंशी, पहाटेच्या आधी.
आम्ही चौथ्या मजल्यावर. मी अंथरुणात पायऱ्या मोजत होते.
आवाज तिसऱ्यावर थांबला.
रोमानला नेलं, मोज्यांवरच.
हाल्श्का त्याचे बूट घेऊन मागे धावली,
खालपर्यंत, आणि बूट घेऊनच परत आली.
आवाज आमच्यापर्यंत चढला नाही
म्हणून मला हायसं वाटलं होतं.
हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर ती अजून राहते. ब्याऐंशीची आहे.
कान तिचे माझ्यापेक्षा तिखट.

म्हणून रोज दुसऱ्या मजल्यावर मी बूट काढते,
कठड्याला धरून, एका पायावर, या वयात,
हातात घेऊन तिच्या दारावरून वर जाते,
चोरासारखी, मोहरी मोज्यांवर.

चौथ्या दिवशी दार उघडंच होतं.
काय गं विएस्वावा, फरशी पुसलीय का कुणी?
मी बूट पाठीमागे लपवले. एवढे मोठे बूट
कुठे लपतात.

तिने हात पुढे केला. चामडं चाचपलं,
तळवा उलटा करून पाहिला, जशी बाजारात मासा पाहतात.
किती पडले?
सांगितलं.
महाग दिले.
काळी नाडी नको, म्हणाली, पिवळी लाव,
आणि तो कोट लांब पडतो यावर, आखूड घाल काहीतरी,
कंबर आहे अजून तुला.

मग खुर्चीत बसून तिनेच पाय घातला.
मला एकोणचाळीस लागतो, म्हणाली, चावतात.
तरी उठली.
स्वयंपाकघरातून दारापर्यंत चालली,
टाच आधी, मग चवडा, सावकाश, सगळं वजन देऊन,
आणि जिन्यात डोकावून उभी राहिली.

बराच वेळ.
चहा गार झाला. मी काही बोलले नाही.
डाव्या बुटाची चेन
लावायची राहिली होती.