चार बोटं जागा

चौतीस वर्षं भोसरीत
मी लोकांचे शाफ्ट नाकारले.
दोन शतांश मिलिमीटर जाड? रिजेक्ट.
लाल खडूची फुली मारायची, पुढचा उचलायचा.
घरी आल्यावर पोळीसुद्धा उजेडात धरून बघायचो
असं शालन म्हणते.
तिचं सगळंच खरं नसतं.

फंडाच्या पैशांतून वेल्ह्याच्या अलीकडे अकरा गुंठे घेतले
आणि निलगिरीचे चौसष्ट ओंडके.
टिंबर मार्केटातला शेठ म्हणाला,
काका, हे स्लॅबच्या टेकूला नेतात. तुम्हाला कशाला?
म्हटलं, घराला.
तो चहा सांगायला वळला
आणि जरा जास्तच वेळ वळलेला राहिला.

साल ओली असेतोवर निघते.
लांबच लांब पट्ट्या, उसाच्या पाचटासारख्या पायात येणाऱ्या,
आणि माळभर वास
आमच्या दादांच्या छातीला चोळायच्या तेलाचा.
अकराव्या ओंडक्यापाशी लक्षात आलं
की मी मोठ्याने बोलतोय.
कोणाशी, ते सोडा.

मग वर्षभर नुसतं वाळणं.
ओंडके रात्री तडकायचे, बंदुकीचा बार निघावा तसे.
सकाळी तड मोजायला जायचो.
तिच्यात माझा मायक्रोमीटर
डबीसकट बसला असता.

नथू पांचाळ खांद्यावर वाकस टाकून आला.
टेप नाही, गुण्या नाही,
ओंडक्यावरून हात फिरवायचा, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.
सरळ लाकूड पुण्यात मिळतंय, म्हणाला,
ह्ये पिळाचं हाय. पीळ बघून बसवा.
माझी पहिली खाच तीन दिवसांची.
त्याने ती पाहिली आणि अर्धी बिडी विझवून
कानावर ठेवली.
नथूने बिडी विझवली की काम पुन्हा करायचं असतं.

खिडकीची चौकट मात्र मी अशी चपखल बसवली
की पोस्टकार्ड आत जाईना.
त्याने ती उपसून काढली.
वर चार बोटं जागा सोडा. घर बसनार.
असं अभद्र बोलू नये, मी म्हणालो.
पडनार न्हाई वो. बसनार.
मानूस कामावरनं आल्यावर बसतंय, तसं.

चार बोटांत जुन्या घोंगडीच्या चिंध्या कोंबल्या,
खांबांखाली आट्याचे जॅक लावले,
भोसरीतूनच करून आणलेले,
भिंत खाली येईल तसे खांबही उतरवायला.
ते तेवढे अचूक आहेत. दोन शतांशांच्या आत.

शालन येणारच नव्हती.
तुमच्या काड्यापेटीत मी राहणार नाही,
कोथरूडला नळाला पाणी आहे.
एका रविवारी डबा घेऊन आली, परतीच्या गाडीची वेळ विचारून.
मी फटी लिंपत होतो, चुना, भुसा, पोयटा.
तिने एक डोळा मिटला,
फटीच्या रेषेवरून भिंतीच्या टोकापर्यंत नजर नेली
आणि म्हणाली, रिजेक्ट.
थापी माझ्या हातातून घेतली.
गाडी गेली.

चारही भिंती तिने लिंपल्या.
जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या फडक्याने.
खिशावरचं कंपनीचं नाव
तेल पिऊन काळं झालं, मग दिसेनासं.

आता दर दिवाळीला मी पाना घेऊन खांबापाशी वाकतो
आणि ती पेन्सिलीने चौकटीवर रेघ मारते.
पोरांच्या रेघा वर चढतात, ह्या उतरतात.
पहिल्या वर्षी अकरा मिलिमीटर,
मग सहा,
गेल्या खेपेला दोन.
चारातलं एक बोट गेलं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी शालनची उंची मोजली.
दीड सेंटिमीटर कमी भरली.
मी कार्ड वाचत राहिलो, पुन्हा पुन्हा,
जणू आकडा चुकीच्या मापाने घेतलाय.
ती चप्पल घालता घालता म्हणाली,
बसतेय.

नथू मध्ये येऊन गेला.
चिंध्यांत बोट घालून बघितलं,
बिडी पेटवली,
पुरी ओढली.
घर झालं का, असं मी विचारणार होतो.
तोवर तो दाराच्या बिजागरीला
तेल नाही म्हणून
ओरडत होता.