औटकी

जोडवी निघेनात, साबण लावावा लागला.
कुड्या, मंगळसूत्र, केसांतला आकडा.
"आत आणखी काही?" पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला.
मी डावीकडची उशी काढून त्याच्या ट्रेमध्ये ठेवली.
हर्षलाने शिवली आहे, आत मोहरी.
दोनशे साठ ग्रॅम.
गाळ्यातल्या काट्यावर मीच तोलली होती, उजवीच्या अंदाजाने.
"धातू नाही ना," म्हणाला. "मग तसं चाललं असतं, मावशी."
पण तोवर काढून झाली होती.

बेलापूरचं तळघर. थंड.
पाठीवर निजवून मला आत ढकललं,
कानांत बोळे, तोंडावर जाळी, जाळीवर आरसा,
आरशात आकडे.
दोन घरं मागचा आकडा परत आला की बटण दाबायचं.
सहा. दोन. सहा. दाबलं.
नऊ. दोन. नऊ. दाबलं.
बाहेर कुणीतरी पत्र्यावर घण घालत होतं.

आकड्यांना मी कधी घाबरले नाही.
बाबा मिठागरावर टोपल्या मोजायचे,
त्यांनी अंगणात बसवून शिकवली
पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी,
शाळेतल्या बाईंनाही येत नव्हती ती औटकी.
त्या जोरावर तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात बावीस वर्षं पट्ट्या लिहिल्या,
गोणी, भाव, हमाली, तोलाई, वाराई,
बेरीज ओठांवर यायच्या आत कागदावर.

मग ते लाल औषध. आठ वेळा.
केस परत आले, कुरळे आले, हर्षला हसली.
जूनमध्ये एकच पट्टी मी दोनदा लिहिली.
देवरामशेठ काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कॅल्क्युलेटर होता,
नवा, प्लॅस्टिक न काढलेला.
ऑपरेशनच्या दिवशी रडले नव्हते मी.

लोक विचारतात, धुकं असतं का डोक्यात?
धुकं नाही हो.
गोणीची शिवण तळाशी उसवलेली असते.
चालताना कळत नाही.
काट्यावर टाकली की कळतं, वाटेत सांडलं.
परवा किसणीला किसणी म्हणता येईना,
तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, ते खोबऱ्याचं दे.
कोपरखैरण्यात स्वतःच्याच गल्लीत
सारख्या घरांच्या सारख्या दारांपुढून तीनदा गेले,
चौथ्यांदा आमच्या तुळशीच्या फुटक्या कुंडीने ओळख दिली.

डॉक्टर सुतारबाईंनी दोन फोटो शेजारी लावले.
एक माझा, एक माझ्या वयाच्या कुणा बाईचा,
जिला हे काही झालं नाही.
मी माझ्यात काळी भोकं शोधत होते.
भोकं नव्हती. उलट माझ्यातच जास्त नारिंगी,
कपाळामागे, कानांवर, दिवाळीत गाळा उजळावा तसं.
"उत्तरं दोघींची जवळजवळ सारखीच," त्या म्हणाल्या.
"पण तेवढ्यासाठी तुमच्या मेंदूला जास्त जागा कामाला लावावी लागते."
म्हणजे एका हमालाची गोणी चौघं उचलतायत.
"वाराई वाढली," मी म्हटलं.
त्यांना शब्द कळला नाही. समजावून सांगितल्यावर
त्यांनी तो माझ्या फाइलवर पेन्सिलीने लिहून घेतला.
भरून येईल का, विचारलं.
काहींचं येतं, म्हणाल्या. वर्षाने परत फोटो काढू.
वर्ष म्हणताना त्या खिडकीकडे बघत होत्या.

रिक्षावाल्याला कोपरखैरणे सांगितलं, सेक्टर आठवेना.
"पुढे सांगते."
पामबीच रोडला लागल्यावर मनात औटकी काढली.
तीन औट साडेदहा. चार औट चौदा.
पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस.
सात औट
सात औट
खाडी सरकत होती, मीटर पडत होता,
चौघं हमाल पायऱ्यांवर टेकले होते दम खात.
एकवीस आणि तीन. चोवीस. आणि अर्धा.
साडेचोवीस. बोटांवर, पण आलं.

आणि तेवढ्यात लक्षात आलं
डावीकडे वजन कमी भरतंय.
काट्याशिवाय. कुणी न सांगता.
ट्रे. तळघर. मोहरी.
"दादा, मागे फिरवा," मी म्हटलं,
"माझं दोनशे साठ ग्रॅम राहिलं."