भडंगाच्या कागदावर तिसरा सामना

दोन-एक.
म्हणजे सांगली दोन, आपली लोको यंग एक,
आणि पाचातले दोन सामने अजून शिल्लक.
एवढंच सगळ्यांना मान्य होतं.
बाकी रात्री साडेनऊला, पद्मिनीच्या भडंगाच्या दुकानापुढं
मिरजेत कुणाचं कुणाशी पटत नव्हतं.

दस्तगीरनं कागद फळकुटावर पसरला.
शेंगदाणे आपले, म्हणाला. लसणीच्या पाकळ्या त्यांच्या.
कढीपत्त्याचं पान अंपायर.
ते उचलून कडेला ठेवलं,
तसंही त्याला तिथनंच कमी दिसतं.

"अकरा पेनल्टी कॉर्नर, लगा! अकरा!
गोल किती? एक.
अकरा वेळा टोचून मला एकदा शीर सापडली
तर मिशन दवाखान्यात ठेवतील का?"
हा एज्रा. ड्रेसर.
तीस वर्षं लोकांच्या जखमा उघडून बघितल्या,
ही मात्र त्याला बघवत नाही.

दस्तगीर सतारीच्या तारा लावतो. त्याचं म्हणणं,
फॉरवर्ड चढलेले, हाफ उतरलेले,
मधी खुंटी पिळायला कुणी नाही.
"सेंटर हाफ कुठाय?" त्यानं बोटानं शोधला.
सेंटर हाफ बाबू खोतानं खाल्ला होता.
"बोलता बोलता गेला," बाबू म्हणाला,
"काल तरी कुठं दिसत होता?"

मी पॉइंट्समन होतो. तिन्ही मापांचे रूळ बघितलेत.
मला विचाराल तर चेंडूला लाइन बदलून द्यावी लागते.
आमची पोरं एकाच रुळावरनं गाडी दामटतात
आणि समोर सांगलीची मालगाडी, ब्रेक लावून उभी.
पण मला कोण विचारतंय.

शेवटी सगळे आले त्या एका शेंगदाण्यावर.
लेफ्ट इन. बोंद्र्यांचा सुहास.
अठ्ठावन्नावं मिनिट, लांबचा पोस्ट,
गोली आडवा पडलेला, समोर नुसती जाळी,
आणि चेंडू काठीखालून.

"माझ्या आईनं लाटण्यानं घातला असता."
"लग्नाचं बघतायत त्याच्या, ध्यान तिकडं."
"सांगलीत मामा आहे त्याचा," बाबू हळूच म्हणाला.
हे जरा जास्तच होतं,
पण कुणी नाही म्हटलं नाही.
मीही नाही.

तेवढ्यात सायकल भिंतीला लागली.
"काकू, पाव किलो. तिखट कमी."
गुडघ्याला पट्टी. पट्टीची गाठ एज्राचीच.
आम्ही सगळे एकदम
स्टेशनाकडं जाणाऱ्या रिक्षाकडं बघायला लागलो.

त्यानं कागद बघितला.
बघितला आणि त्याला कळलं,
हॉकीवाल्याला शेंगदाण्यांची रांग कळते.
"मी हितं नव्हतो," म्हणाला,
आणि स्वतःला दोन बोटं डावीकडं सरकवलं.
मग पुडीतली एक लाल मिरची घेतली
आणि कागदाच्या पश्चिमेला ठेवली.
"आणि ऊन हितनं होतं. सहाला दहा कमी."

मिरची कागदावर पडून राहिली.
तीन गोल, अकरा कॉर्नर, मामा, लग्न,
सगळं मोजलं होतं आम्ही.
ऊन मोजायचं राहिलं होतं.

जाताना त्यानं अंपायर उचलला,
तोंडात टाकला,
चावत चावत सायकलवर बसला.

पोरगं वळणाआड गेलं आणि दस्तगीर म्हणाला,
"तरी पण काठी खाली पाहिजे होती."
"व्हय, काठी खालीच पाहिजे," एज्रा म्हणाला.
मग सामना साडेचारला ठेवणाऱ्याची आई-बहीण झाली,
मग गोल पूर्व-पश्चिम बांधणाऱ्या साहेबाची,
तो मेल्याला साठ वर्षं झाली असतील.
बाबूनं बोलता बोलता सांगलीचा अख्खा बचाव खाल्ला.
मैदानावर एवढं जमलं असतं तर.

पद्मिनीनं फळी ओढली.
मी कागदाचा बोळा करायच्या आधी
एक शेंगदाणा खिशात घातला. का, ते विचारू नका.

सकाळी धुण्याच्या आधी बायकोनं खिसे उलटे केले.
"हे काय भरून आणलंय?"
म्हटलं, लेफ्ट इन आहे.
परवा सामना आहे. धुऊ नकोस.