'नाही'चे गुण

नगरपंचायतीत माझं टेबल खिडकीपाशी.
खिडकीबाहेर कडुनिंब, त्याखाली माझी सायकल,
कॅरिअरला घरपट्टीचं पावतीपुस्तक.
त्या मार्चात साहेब म्हणाले, पुस्तक राहू द्या,
आणि हाती एक तक्ता दिला.

वॉर्ड सात, रेल्वे फाटकापलीकडचा.
"मागास ठरला पाहिजे.
मागास ठरला की कंपनीला दहा वर्षं कर माफ,
कर माफ झाला की कंपनी येते."
ऑफिसात मला ते लगेच कळलं.
घरी जेवताना कळेनासं झालं.

घरोघर फिरलो.
नळ? नाही.
दवाखाना, एक किलोमीटरच्या आत? नाही.
रस्त्यावर दिवा?
खांब होता. खांबाला रकाना नव्हता.
नाही.
एकेका 'नाही'ला गुण होते, कुठं आठ, कुठं दहा.
एकोणीस वर्षं मी याच दारांतून
दिवाबत्ती कर घेत आलो,
पावतीवर तसा छापलेलाच असतो.
त्या दिवशी पहिल्यांदा
अंधाराला भाव आला.

पार्बता नागोसे एसटी स्टँडवर फुटाणे विकते.
भट्टीतली वाळू चाळता चाळता म्हणाली,
"लिवा नाही. इतकी वर्सं कोनी इचारलं नाही,
आता इचारलं तं सांगून टाकतो."

तिच्या घरामागं मात्र नाली होती.
तेवीस घरांनी शंभर-शंभर काढलेले,
उईकेच्या भट्टीतल्या वाकड्या विटा,
वर कुठल्याशा पाडलेल्या शाळेच्या फरश्या.
टेप लावला: नव्वद फूट.
माझं अक्षर बरं आहे. मी स्वच्छ लिहिलं,
आहे.

साहेबांनी बेरीज केली. एकसष्ट.
लागतात सत्तर.
"नाली आपण बांधली का?"
"नाही."
"मग नाही."
'आहे'वर आडवी रेघ मी मारली.
बारा गुण. त्र्याहत्तर.
चहा आला, बिस्किटं आली.

कंपनी आली, खोटं कशाला बोलू.
हायवेच्या अंगाला, वॉर्डाच्या टोकावर,
जिथं नकाशाची रेघ जरा वाकून गेली होती,
तिथं मिरचीच्या पॅकिंगची निळी शेड उभी राहिली.
चौतीस माणसं कामाला, त्यातली अकरा वॉर्डातली.
पार्बताची सून छबू तोंडाला ओढणी बांधून जाते,
महिन्याला नऊ हजार आणते,
नातवाला चष्मा लागला तो त्यातूनच.
मुद्रांक शुल्क माफ, विजेचं शुल्क माफ,
आणि माझ्या रजिस्टरात शेडच्या पानावर
मी दरवर्षी सुबक अक्षरात लिहितो:
निरंक.

मिरची धुतलेलं पाणी कुठं सोडायचं,
हे तक्त्यात नव्हतं.
त्यांनी पाइप टाकला,
उतार जिकडं होता तिकडं.

यंदा पावतीपुस्तक घेऊन गेलो तेव्हा
पार्बताच्या अंगणात लाल चिखल,
फरश्या उचकटलेल्या,
नातू डोळे चोळत ओट्यावर.
"नाली तुंबली. तुमच्या लोकायले धाडा."
म्हटलं, बाई, अर्ज केला तरी
कागदावर तिथं नाली नाही.
ती पायाखाली पाहू लागली,
मग माझ्याकडं,
मग पुन्हा पायाखाली.
"मंग हे लाल पानी कायतून वायते जी?"

तीनशे चाळीस रुपये मोजून दिले तिनं,
नाणी जास्त, नोटा कमी, सगळ्यांना वाळूचा वास.
मी पावती फाडली.
ती हातात घेईना.
"मांगं लिवा," म्हणाली.
काय लिहू?
"जे हाय थे."

पावती गुडघ्यावर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
नाली आहे. नव्वद फूट. तेवीस घरं.
खाली सही केली, तारीख घातली.
"शिक्का?"
शिक्का ऑफिसात होता.